युद्धानंतर बाईचं नाव कोणत्या कागदावर?

(सातारा येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वीरपत्नी कोण, हे सैनिकांच्या या जिल्ह्यात मी सांगायला नको. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले. रणात पडलेल्या जवानाची सरकारदरबारी नोंद तरी होते, पेन्शनचा कागद निघतो. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या बायकांच्या हाती कागदच नाही.

काश्मीरमध्ये त्यांना ‘अर्धविधवा’ म्हणतात. नवरा घरातून नाहीसा झाला, पुढे ना बातमी, ना प्रेत. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर तो मेला असं कायदा धरतो. पण तोवर घर चालायचं कसं? जमीन त्याच्या नावावर, खातं त्याच्या नावावर. शिवाय मृत्यूचा दाखला मागायचा, म्हणजे ‘तो गेला’ हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. त्या अर्जावर सही करताना बाईचा हात थांबतो, आणि तो थांबणारच. परवीना आहंगर यांचा मुलगा १९९० साली असाच नाहीसा झाला. पुढे १९९४ मध्ये अशा कुटुंबांची संघटना उभी राहिली आणि त्या तिचा आवाज झाल्या. अशा बाईला ‘आता विसरून जा’ म्हणणं मला क्रूर वाटतं, मग म्हणणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

बोस्नियात स्रेब्रेनिकाला जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी सामूहिक खड्डे यंत्रांनी पुन्हा उकरले आणि प्रेतं दुसरीकडे हलवली. म्हणून एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून ओळख पटवतात. मग प्रश्न आईपुढे येतो: मिळालं तेवढं पुरायचं, की उरलेलं सापडेपर्यंत थांबायचं? हा निर्णय तिचाच. कार्यकर्त्यानं घाई करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. शेजारी बसायचं.

समुपदेशन हवंच. पण जिच्या डोक्यावर छप्पर नाही, तिला पुन्हापुन्हा ‘तुमच्यावर काय गुजरलं ते सांगा’ म्हणणं थांबवा. बलात्काराची हकिकत प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवणं हे तिचं काम नव्हे.

शांतता करारात बायकांना स्थान हवं, असा ठराव सुरक्षा परिषदेनं २००० साली केला, क्रमांक १३२५. पण व्यवहारात पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धानंतर पुनर्वसनाची मदत मुख्यतः बंदूक जमा करणाऱ्यांना मिळाली. टोळ्यांनी पळवून नेलेल्या कितीतरी मुली त्यातून वगळल्या गेल्या, कारण जमा करायला त्यांच्याजवळ बंदूकच नव्हती.

रवांडाचं उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्याच आहेत. तिथे १९९४ च्या वंशसंहारानंतर विधवा आणि अनाथ मुली शेत कसायला उभ्या राहिल्या, पण रूढीनं जमीन पुरुष वारसाकडे जायची. विधवांनीच १९९५ मध्ये ‘आवेगा’ ही संघटना काढली. औषधोपचारापासून कोर्टकचेरीपर्यंत त्या एकमेकींना धरून राहिल्या. १९९९ च्या कायद्यानं मुलींना मुलांइतका वारसाहक्क दिला, पत्नीचा हक्कही मान्य केला. मात्र तो लग्नाची कायदेशीर नोंद असलेल्या पत्नीलाच. जिचं लग्न फक्त गावरिवाजानं झालं होतं, ती बाहेरच राहिली. आणि जिचा नवरा आधीच मारला गेला होता, तिला नोंदणी करायलाही वाट उरली नव्हती.