डोळे सगळ्यात शेवटी

[दृश्य: खोली. भिंतीवरचं बटण. ट्यूबलाइट विझते.]

तेलरंगातल्या व्यक्तिचित्राचं पहिलं काम हे. दिवा बंद करायचा.

खिडकीतून एक उजेड आणि वरून ट्यूबचा दुसरा, असे दोन पडले की नाकाच्या सावल्याही दोन होतात. त्यातली कुठली धरायची, हे शिकाऊ हाताला कळत नाही. म्हणून या खोलीत एकच खिडकी उघडी आहे, उत्तरेची. वर्षातले बरेच महिने तिच्यातून थेट ऊन आत येत नाही. साडेनऊला गालाखाली दिसलेली सावली साडेअकरालाही जवळपास तिथंच सापडते. खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकलाय, उजेड वरून तिरका यावा म्हणून.

[दृश्य: आजोबा खुर्चीत बसतात. खडूनं खुर्चीच्या पायांभोवती खुणा.]

आजोबा बसले की आधी खुर्चीच्या चारही पायांभोवती खडू फिरवायचा. पंचवीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं विश्रांती. चहा पिऊन परत बसताना खुर्ची चार बोटं सरकली तरी गालावरची सावली बदलते, आणि मग चित्रात दोन वेगवेगळे आजोबा दिसायला लागतात.

चित्रकारापासून आजोबा सात फुटांवर आहेत. कॅनव्हास अगदी उभा लावलाय, आणि तो त्यांच्या चेहऱ्याच्या शेजारी दिसेल असा. नजर चेहऱ्यावरून कॅनव्हासवर जायला मान वळवावी लागली, तर वाटेत माप सांडतं.

[दृश्य: पांढरा कॅनव्हास. चिंधीनं रंग पुसला जातो.]

कॅनव्हास सोळा बाय वीस इंचांचा. पांढरा होता, आता नाही. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, त्यात किंचित अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा, रंग पातळ करायला भरपूर टर्पेंटाइन, आणि वरून जुन्या सुती धोतराची चिंधी. बोट लावलं तर रंग बोटाला येऊ नये, इतकं कोरडं पुसायचं. ओलं राहिलं तर पुढची रेघ घसरते.

एवढा खटाटोप कशाला? पांढऱ्या पार्श्वभूमीवर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. नवशिक्या घाबरून फिका रंग लावत जातो. शेवटी पांढरं झाकलं गेलं की सगळा चेहरा आजारी दिसतो. मधल्या छटेवर काम सुरू केलं की उजेड आणि सावली दोन्ही बाजूंना जायला जागा मिळते.

[दृश्य: हात लांब, ब्रशचा दांडा उभा, एक डोळा मिटलेला.]

आता मापं, समोर उभ्या धरलेल्या ब्रशच्या दांड्यावर. हात कोपरात ताठ. कोपर थोडं जरी वाकलं तरी मोजपट्टीच बदलली.

डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत जे अंतर, त्याच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. हे ऐकलेलं सगळ्यांना असतं, तरी डोळे वर चढतात. कारण माथा कुठे आहे तेच धरलेलं नसतं. केस जिथे सुरू होतात, तीच वरची हद्द समजली जाते आणि कवटीचा वरचा भाग गायब होतो. आजोबांच्या डोक्यावर टोपी आहे, म्हणजे चुकायला आणखी वाव. टोपीच्या आत डोकं कुठे संपतं, ते आधी टिंबानं मांडायचं. टोपी नंतर.

चेहरा खऱ्यापेक्षा लहान काढायचा. माणसाचं डोकं साधारण नऊ इंच असतं. इथे हनुवटी ते माथा सात इंच धरलंय. नऊच्या नऊ इंच काढलं तर चित्रातला माणूस फुगल्यासारखा वाटतो. आजोबा डावीकडे, खिडकीकडे बघताहेत, म्हणून डावीकडे जागा जास्त सोडली आहे. उलट केलं तर ते भिंतीला नाक लावून बसल्यासारखे दिसतील.

[दृश्य: जवळून. दोरा, टोकाला लोखंडी नट. दोरा स्थिरावतो.]

हा ओळंबा. गवंड्याचा असतो तसाच, फक्त दोरा शिवणाचा आणि वजन म्हणून एक नट. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर धरला की खाली नाकपुडी त्याच्या आत आहे की बाहेर, ते लगेच दिसतं. ओठाचा कोपरा बुबुळाच्या कुठल्या भागाखाली येतो, तेही दिसतं. चेहरा तिरका असला की पाठ केलेली प्रमाणं फारशी कामाची राहत नाहीत. ओळंबा तेव्हाही खोटं बोलत नाही. आजोबांनी मान किंचित खाली घातली आहे, त्यामुळे त्यांचा कान भुवईच्याही वर गेलाय. पुस्तकात तो भुवई आणि नाकाचा बूड यांच्यामध्ये असतो.

रेघा बर्न्ट अंबरनं, म्हणजे गडद तपकिरी रंगानं, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, ब्रशनंच. चुकलं की चिंधी. अंबर लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला तोच बरा.

[दृश्य: चित्रकाराचे किलकिले डोळे. मग तीच खोली, धूसर.]

इथून पुढचा अर्धा तास या सगळ्या कामाचा गाभा आहे.

डोळे किलकिले करायचे. पापण्या, सुरकुत्या, मिशीचे केस नाहीसे होतात आणि दोनच गोष्टी उरतात: उजेडातला भाग आणि सावलीतला भाग. टोपीच्या काठाखालची सावली डोळ्याच्या खोबणीत उतरते. तिथून नाकाच्या कडेनं खाली, गालाच्या हाडाखालून जबड्यावर, जबड्यावरून मानेवर. ही एकच सलग आकृती आहे, एखाद्या जिल्ह्याच्या नकाशासारखी. तिची हद्द काढायची आणि आत एकाच छटेचा पातळ अंबर भरायचा. डोळा, नाक, ओठ असं काही वेगळं काढायचं नाही.

[दृश्य: कॅनव्हास. अंबरची सलग सावली. चेहरा ओळखू येतो.]

डोळे नाहीत, तरी हे आजोबाच आहेत. रस्त्याच्या पलीकडून चालत येणारा ओळखीचा माणूसही आपण डोळे दिसायच्या आधीच ओळखतो. तिथं ओळख पटते ती याच सावल्यांवरून. इथं साम्य नसेल, तर पुढे कितीही रेखीव पापण्या काढा, ते येणार नाही. त्यामुळे शून्य नंबरचा, अगदी बारीक ब्रश पहिल्या दिवशी खोलीत आणूच नये. आठ आणि दहा नंबरचे चपटे, राठ केसांचे ब्रश पुरे.

एक फसवी जागा जबड्याखाली असते. शर्टावरून परतलेला उजेड तिथं पडतो आणि फार उजळ वाटतो. तो कितीही चमकला तरी सावलीच्याच कुटुंबातला आहे. उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षाही त्याला गडद ठेवायचं. नाहीतर जबडा पत्र्याचा दिसतो.

[दृश्य: सावंतवाडीचा रस्ता. मग म्हैसूरचा जगन्मोहन राजवाडा, बाहेरून.]

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. हातात समई घेऊन उभ्या असलेल्या तरुणीचं त्यांचं चित्र या राजवाड्यात आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजून बघतात. त्यासाठी हळदणकरांची मुलगीच उभी राहिली होती. उजेडाची जागा एकच, ज्योत. तीही चेहऱ्याच्या खाली. आणि माध्यम जलरंग. तेलरंगात चूक खरवडता येते. जलरंगात उजेड कुठे राखायचा हे आधीच ठरलेलं लागतं, कारण कागदाचा पांढरेपणा एकदा गेला की तो तसा परत मिळत नाही.

[दृश्य: लाकडी पॅलेट. ट्यूबमधून रंग पिळला जातो.]

परत खोलीत. पॅलेटवर पांढरा दोन पेरं. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना, लाइट रेड (विटकरी), अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, प्रत्येकी एकेक पेर. कंजूषपणानं ठिपका-ठिपका काढला की ब्रश कॅनव्हासवर कोरडा खरखरतो.

दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब मिळते. ती गोऱ्या कातडीच्या अंदाजानं केलेली असते. आपल्याकडच्या चेहऱ्याला तिचा उपयोग नाही. आजोबांच्या रंगाची सुरुवात ऑकर आणि सिएनापासून होते. सावली थंड करायला अल्ट्रामरीनची बारीकशी टोचणी. पांढरा सगळ्यात शेवटी आणि हात आखडून, कारण उजळ करायला नुसता पांढरा घातला की कातडीवर पावडर थापल्यासारखी दिसते. गडद करायला काळाही नको. काळ्यात ऑकर गेला की शेवाळी रंग होतो.

[दृश्य: सुरीच्या टोकावर रंग, मागे आजोबांचं कपाळ.]

मिसळलेला रंग सुरीवर घेऊन चेहऱ्याच्या दिशेनं धरायचा. कपाळ जरा पिवळट, गाल-नाक-कान तांबूस, दाढीची जागा निळसर. तीन ढीग आधी पॅलेटवरच जमले पाहिजेत: उजेडाचा, मधला, सावलीचा.

आणि टोपी. टोपी पांढरी आहे हे डोक्याला माहीत असतं, म्हणून हात पांढऱ्या रंगाकडे जातो. सुरी समोर धरून बघा: टोपीची सावलीतली बाजू उजेडातल्या कपाळाइतकी गडद आहे. करडी, थोडी निळी. खरा पांढरा फक्त डावीकडच्या घडीवर, बोटभर.

[दृश्य: ब्रशचे रुंद फटकारे. कॅनव्हासपासून मागे जाणारे पाय.]

आधी सावलीचा रंग, मग उजेडाचा, मग दोघांच्या सीमेवर मधला. दर चार-पाच फटकाऱ्यांनी तीन पावलं मागे. या थरात फक्त टर्पेंटाइन. जवसाचं तेल वरच्या थरांना. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. खालचा थर तेलकट असेल तर वरचा वाळल्यावरही तो हालत राहतो, आणि वर भेगा पडतात.

फोटोवरून करायचं झालं तर निदान सात-आठ फुटांवरून काढावा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे पळतात, आणि सावल्यांत बघण्यासारखं बहुतेक काही उरत नाही.

पुढच्या चार बैठकांत पापण्या, चष्मा, मिशी होतील. वार्निश सहा महिन्यांनी.

[दृश्य: आजोबा उठून कॅनव्हाससमोर येतात. निवेदन नाही, १२ सेकंद.]

[दृश्य: गॅलरीतली दोरी. चिंध्या वाळत घातल्या जातात.]

तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आतून तापतात आणि पेटूही शकतात. एकेक सोडवून दोरीवर घालायच्या. खिडकीचा पुठ्ठा तसाच राहू द्यायचा, फरशीवरच्या खडूवरून केर काढायचा नाही. आजोबा उद्या साडेनऊला येतील.