दोन ढोल म्हणजे दुप्पट डेसिबल? अजिबात नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न, दादा एक ढोल ९० डेसिबल तर दोन ढोल १८० का? नाही हो, नाही. आज एवढ्यावरच बोलतो.

बेसिक पटकन. आवाज मोजायचा मीटर हवेच्या दाबातला चढउतार माइकने पकडतो, सेटिंग 'ए' वर ठेवायचं, कारण आपला कान खर्ज कमी ऐकतो आणि 'ए' तेच धरून मोजतं. झालं.

आता मुद्दा. डेसिबलची सरळ बेरीज होत नाही. एक ढोल ९०, शेजारी तसाच दुसरा, मीटर ९३ दाखवणार. दहा ढोल १००, शंभर ढोल ११०. आवाजाची ताकद दहापट झाली की १० वाढतात.

नाही पटत? उलटं बघा. नदीपात्रात ५० ढोलांचा सराव चाललाय, तक्रार आली म्हणून २५ थांबवले, तर मीटर उतरणार फक्त ३! सोसायटीतले काका म्हणतात काही कमी केलं नाहीत, पोरं म्हणतात अहो निम्मे थांबवले की, आणि दोघंही खरं बोलतायत.

आणि आता ती कमेंट, "३ नेच वाढला ना, काय होतंय". हे वाचून मला खरंच राग येतो. ३ म्हणजे कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट! कामगारांसाठी अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस आहे, ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, ८८ ला ४, ९१ ला २, असं निम्मं निम्मं करत १०० ला फक्त १५ मिनिटं. मी चार सीझन ताशा वाजवलाय, सराव संपवून घरी आलो की रात्रभर कानात शिट्टी वाजायची, आणि आम्हाला वाटायचं की ताशा म्हटला की हे असणारच. इअरप्लग घाला रे, ताल व्यवस्थित ऐकू येतो, मी घालून वाजवलंय.

बऱ्याच जणांनी मोबाइल ॲपचे स्क्रीनशॉट पाठवलेत. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, ताशाजवळ तो कोंडतो आणि आकडा पुढे सरकतच नाही. आणि अंतर कोणीच लिहीत नाही! मोकळ्या मैदानात ढोलापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ उतरतात, लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परत येतो म्हणून तेवढे उतरत नाहीत. त्यामुळे यापुढे रीडिंग पाठवताना किती फुटांवरून घेतलं आणि मोकळी जागा होती का गल्ली, हे दोन शब्द लिहाच.