ई फॉर इतवारी

तर अध्यक्षमहोदय, आणि एवढ्या उकाड्यात धरमपेठ, महालातून आलेली मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘परदेशी राहताना भाषेशी जुळवून घेणे’. मघाशी एकांनी विचारलं, इंग्रजी येतं तर जुळवायचं काय? अहो, व्याकरणापाशी कोणाचं अडत नाही. अडतं ते फोनवर नाव सांगताना.

आमचंच ऐका. मँचेस्टरला गेल्यावर ह्यांनी वीज कंपनीला फोन लावला. आडनाव वाकडे. पलीकडची बाई म्हणाली, एकेक अक्षर सांगा. झाले सुरू. डब्ल्यू फॉर वर्धा, ए फॉर अकोला, के फॉर काटोल, पुन्हा अकोला, डी फॉर देवळी. मी मागून खुणा करतेय, निदान दिल्ली तरी म्हणा! पण गडी विदर्भाबाहेर पडायला तयार नाही. (हशा) शेवटी आलं, ई फॉर इतवारी. तिनं विचारलं, हे इतवारी कसं लिहायचं? हे म्हणाले, आय, टी, डब्ल्यू... तिनं निमूट ‘आय’ टिपून घेतला. बिल आलं, श्री. वाकडी! (हशा)

हसताय, पण तिथे बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल दाखवावं लागलं. बँक म्हणे, पासपोर्टवर वाकडे आणि बिलावर वाकडी, ही माणसं दोन. कंपनी म्हणे, नाव दुरुस्त करायचं तर काहीतरी पुरावा आणा, बँकेचं पत्र चालेल. आता करा!

अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी शेजारच्या पोरानं लिहून दिली तेव्हा कुठे सुटलो. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती १ मार्च १९५६ला लागू केली. त्याच साली १ नोव्हेंबरला आपल्या नागपूरचं राजधानीपण गेलं. ते दुःख आज काढणार नव्हते, निघालंच. तर त्या यादीत अल्फा ‘पीएच’नं नाही, ‘एफ’नं लिहितात. ‘पीएच’चा फ होतो हे इंग्रजीबाहेरच्या माणसानं ओळखावं कसं? ज्युलिएटच्या शेवटी दोन ‘टी’, नाहीतर फ्रेंच माणूस एकुलता एक ‘टी’ खाऊन मोकळा. परक्या जिभेची एवढी काळजी त्यांनी घेतलीय, मग आपण ‘अ‍ॅक्सेंट’च्या क्लासला पैसे का भरतो? उच्चार राहू द्या नागपुरी. रोजची ठरीव बोलणी तेवढी पाठ करा. पुण्याला गेलं की ‘काय करून राहिला बे’ गिळतोच ना आपण? तालीम झालेली आहे. (हशा) पुण्याचे कोणी आले असतील तर बसा, बसा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मुख्य मुद्दे तर आत्ता येणार होते. भराभर सांगते.

वेळ. इंग्लंडात ‘हाफ नाइन’ म्हणजे साडेनऊ. जर्मनीत ‘हाल्ब नॉयन’ म्हणजे साडेआठ. तिकडे मुलाखत असेल तर सांभाळा. अमेरिकेत आधी महिना, मग तारीख. औषधाची मुदत वाचताना हे ध्यानात असू द्या.

‘यू ऑलराइट?’ हा नमस्कार आहे. आपणही ‘ऑलराइट?’ म्हणायचं आणि पुढे जायचं. गुडघेदुखी सांगत बसायचं नाही.

तातडीचा नंबर ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, युरोपात ११२. फोन लागला की पत्ता नीट सांगायचा, घरनंबर, रस्ता, पोस्टकोड. ‘चौकातल्या पानठेल्यावर विचारा, कोणीही सांगेल’ हे तिथे चालत नाही. हो, हो, संपवलं.