गुरुजींना टीव्ही नकोच असतो का?

राम राम मंडळी, काय चाली ऱ्हायनं? आज आमच्या मास्तर लोकांबद्दल बोलायचंय, म्हणजे माझ्याबद्दल पण, मी जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे.

लोक म्हणतात जुन्या शिक्षकांना टेक्नॉलॉजी नको असते. अरे बाबा, तेच गुरुजी सकाळी पाच वाजता ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकतात, केळीचा भाव मोबाईलवर बघतात, मग वर्गातच काय होतं त्यांना?

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने सांगितलं होतं की माणूस नवीन यंत्र वापरेल का, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, याचा मला उपयोग होईल का आणि हे मला सहज जमेल का. तो बोलत होता ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल, पण आमच्या स्टाफरूमला पण फिट बसतं बघा.

आधी जमण्याचं घ्या. चाळीस पोरं समोर, लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही सुरूच होत नाहीये, आणि मागच्या बाकावरचा पोऱ्या म्हणतो, सर मी करू का? तुम्हाला हसू येईल, पण वीस वर्षं ज्याचा वर्गात शब्द चालला त्याला ते लागतं हो. आमच्या शाळेतले एक गुरुजी म्हणायचे, "मना फळा कधी हँग व्हत नही." त्यात एप्रिलमध्ये पारा ४४ वर आणि अकराला लाईट गेलेली, बोला आता.

आणि उपयोगाचं म्हणाल तर मोबाईल शाळेत आला तो बहुतेकदा माहिती भरायलाच, हजेरी भरा, पोषण आहाराची नोंद करा, लिंक भरून स्क्रीनशॉट टाका, आजच्या आज. शिकवण्याच्या आधी कारकुनी आली ना, मग त्या वस्तूचाच राग येतो, आणि साहेब म्हणतात शिक्षकांची मानसिकता नाही. खरं सांगू, मला हा शब्दच आवडत नाही.

एर्टमर नावाच्या संशोधक बाईंनी १९९९ मध्ये अडथळे दोन प्रकारचे सांगितले, बाहेरचे म्हणजे यंत्र, वेळ, ट्रेनिंग, आणि आतले म्हणजे शिकवणं कशाला म्हणायचं याबद्दलची आपली समजूत. बाहेरचं पैशाने येतं, पण आतलं तसं येत नाही. २०१७ ला दीक्षा हे सरकारचं ऑनलाईन अभ्यासाचं ॲप आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०२० ला सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेही क्यूआर कोडच्या कामासाठी, तरी कितीतरी वर्गात तो कोड नुसता छापलेलाच राहतो.

आता माझ्या मित्राचं ऐका. तो सातपुड्यात, धडगावकडे. पहिलीची पोरं घरी पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलतात, पुस्तक मराठी. साध्या शब्दावर पोरं गप्प. त्याने काय केलं, पाड्यावरच्या एका आजीला बसवलं, मोबाईलवर पावरी शब्द रेकॉर्ड केले, मागोमाग स्वतःच्या आवाजात मराठी शब्द. नेट लागत नाही, रेंज लागत नाही, एक छोटा स्पीकर बस. आणि हा तोच माणूस बरं का, जो ट्रेनिंगला मागे बसून झोपा काढायचा!

परवा त्याच्या वर्गात गेलो होतो. स्पीकरची चार्जिंग संपली तर पहिलीतली एक पोरगी उठून म्हणाली, सर, आजीला परत लावा ना.