माळवदाचे ओझे

29 सप्टेंबर 1993 ची रात्र अनंत चतुर्दशीची होती. विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि शासकीय आकड्यांनुसार 7,900 हून अधिक माणसे दगावली.

हा धक्का 6 रिश्टरच्या थोडा वरचा, म्हणजे मध्यम तीव्रतेचा होता. मग इतके मृत्यू का झाले? पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना त्याचे मुख्य उत्तर घरांच्या बांधणीत सापडले. इथल्या भिंती दोन-अडीच फूट रुंद असत. आतून आणि बाहेरून काळ्या दगडाचे दोन थर, मध्ये चिपा आणि माती, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसेच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पेललेले मातीचे सपाट छत. गळती थांबावी म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा थर पुन्हा पुन्हा चढत गेल्याने ते फूटभर, कधी त्याहूनही जाड झालेले असे. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या याच मातीने झोपलेल्यांना गाडले. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र ढासळल्या, ही नोंद मला या सगळ्या पाहणीत सर्वांत बोलकी वाटते.

देशाच्या भूकंप नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वास्तविक 1992 पासूनच किल्लारीकरांना हादरे जाणवत होते. 2002 च्या सुधारित नकाशात हा परिसर अधिक धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 400, मोठ्यांना 750. सरळ रस्ते आणि आखीव प्लॉट कागदावर नेटके दिसत होते. परंतु बैल, कडबा, बी-बियाणे आणि पाहुणेरावळे यांची सोय 250 चौरस फुटांत कशी करायची, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. पुढच्या अभ्यासांनी गावे विस्तीर्ण पसरल्याने वाढलेली अंतरे आणि तुटलेला शेजार यांवर बोट ठेवले.

ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथे जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचा मार्ग धरण्यात आला. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार जोड बसवणे, खांब आणि तुळई यांना तिरके आधार देणे, अशी ही कामे गावच्या गवंड्याला जमणारी होती. अनुदान घरमालकाच्या हाती पडत असल्याने सिमेंट किती आले आणि किती लागले, यावर त्याचाच डोळा राहिला. गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’, म्हणजे गावकरी आणि प्रशासन यांच्यातील दुवा म्हणून नेमण्यात आले आणि पूर्वी ओसरीपलीकडे फारसे न बोलणाऱ्या बायका बांधकामाच्या दर्जाविषयी अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या.

पुढे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आणली. पुनर्वसित गावांच्या पाहणीत मात्र एक जुनी गोष्ट पुन्हा दिसली: कुटुंब वाढले तशी भूकंपरोधक घराला लागून नवी खोली उठली, आणि अनेक ठिकाणी तिच्या भिंतींना एकत्र बांधून ठेवणारा आवश्यक तो काँक्रीटचा पट्टा नव्हता.