रिपोर्ट काविळीचा, लक्ष बीपीकडेही

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र, सकाळ)

महिन्याची 9 तारीख. सुरक्षित मातृत्व अभियानात आज डॉक्टर गरोदर महिलांना तपासणार, म्हणून बाकं सकाळीच भरलीत. कुणी सासूबाईंबरोबर आलंय, कुणी आशाताईंबरोबर.

आधी रक्त. हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडची पांढरी कावीळ. या पट्टीवर रक्ताचा थेंब पडतो, मग द्रावाचे थेंब. ‘सी’पाशी गुलाबी रेघ उमटली, म्हणजे पट्टी चांगली आहे, एवढंच. ‘टी’पाशीही उमटली, अगदी फिकट का असेना, तर विषाणूचा अंश रक्तात आहे. सहा महिन्यांनंतरही तो राहिला तर संसर्ग जुनाट धरतात. अशा बहुतेक जणींना काहीच जाणवत नसतं. डोळे पांढरेशुभ्र, भूक चांगली, शेतातली कामं चालू. कित्येकींना तो जन्मताना आईकडून किंवा लहानपणीच लागलेला असतो. जेवणातून, भांड्यांतून तो पसरत नाही. सुनेचं ताट वेगळं काढणाऱ्या घरांना हे ठणकावून सांगायलाच हवं.

(दृश्य: बीपीचं टेबल)

आता हे टेबल नीट बघा. “ताई, पाच मिनिटं टेकून बसा. बोलू नका.” पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. सिस्टर बाही वर सरकवतात आणि पट्टा थेट दंडावर गुंडाळतात. कपड्यावरून नाही. गर्दीत हीच मिनिटं वाचवली जातात आणि आकडा चुकतो. विसाव्या आठवड्यानंतर 140/90 किंवा त्याहून जास्त आला, तर चार तासांनी पुन्हा मोजायचा. लघवीत प्रथिनंही सापडली, की ते प्रीएक्लॅम्प्सिया.

या आजाराचं मूळ वारेत आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. ते नीट झालं नाही, तर वार उपाशी राहते आणि तिच्यातून सुटणारे घटक आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. बीपी चढतं, मूत्रपिंड आणि यकृतही सापडतं.

मग पांढऱ्या काविळीने हा धोका वाढतो का? हाँगकाँगमधल्या काही अभ्यासांत उलटंच दिसलं: विषाणू असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये प्रीएक्लॅम्प्सिया कमी. जुन्या संसर्गाने प्रतिकारशक्ती सौम्य होते आणि शरीर वारेला सहज स्वीकारतं, असा संशोधकांचा तर्क आहे. इतर ठिकाणच्या अभ्यासांत मात्र असा फरक दिसला नाही. यकृत सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कायमचं कडक आणि जखमी होण्यापर्यंत, गेलेलं असेल, तर धोका वाढतोच. म्हणून या निष्कर्षाच्या भरवशावर एकाही बाईचं बीपी मोजायचं राहू नये.

(दृश्य: डॉक्टर पोट तपासताना)

खरा घोटाळा इथे होतो. आठव्या महिन्यात उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेलं येतं. कार्डावर लाल शाईत कावीळ लिहिलेली असते, सगळे म्हणतात, “तिचं यकृताचंच आहे.” पण हेच दुखणं प्रीएक्लॅम्प्सियाचंही असतं. सोबत प्लेटलेट उतरल्या असतील, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर वाट बघायची नाही. बीपी, लघवी, प्लेटलेट लगेच. उशीर झाला तर झटके येतात, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

(दृश्य: प्रसूतिकक्ष, लशीचा डबा)

विषाणूचं प्रमाण जास्त असेल, तर बाळाला संसर्ग लागू नये म्हणून गरोदरपणातच टेनोफोविर या विषाणूविरोधी औषधाची गोळी सुरू होते. जन्मानंतर 24 तासांच्या आत बाळाला एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं. मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलेंट, म्हणजे हेपॅटायटिस बीसह पाच आजारांवरची एकत्र लस. अंगावर पाजायला हरकत नाही.

आणि आईचं बीपी बाळंतपणानंतरही मोजत राहायचं. प्रीएक्लॅम्प्सिया तेव्हाही उद्भवतो, आणि तोवर ती बहुधा माहेरी गेलेली असते. तिथल्या आशाताईंना तिच्या कार्डावरच्या दोन्ही नोंदी ठाऊक हव्यात: काविळीच्या तपासणीचा निकाल आणि शेवटचं बीपी.