जो लोहाराची हॅट

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कादंबरीचा विषय निघाला की वाचकांत दोन तट पडतात. कुणाला डिकन्स म्हणजे जीव की प्राण. कुणी तो कॉलेजात गाइडमधून उरकलेला असतो आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नसतो. मला दोघांचंही पटतं. या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे, योगायोगांचा सुळसुळाट आहे. आणि डिकन्सच्या त्या सोशीक, निष्पाप मुली तर दुसऱ्या वाचनात जास्तच असह्य होतात.

पाल्हाळामागे धंदाही होता. नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे, किंमत साडेएकतीस शिलिंग. विकत कोण घेणार? लोक म्युडीच्या लायब्ररीत वर्षाला एक गिनी भरत आणि एका वेळी एक खंड घरी नेत. तीन खंड भरायचे तर पाणी घालणं आलंच. डिकन्सचा मामला हप्त्यांचा. आपल्या हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ही ‘करमणूक’मधून हप्त्यांनीच आली.

तरीही ही पुस्तकं मी पुन्हा उघडते, ती नायक-नायिकांसाठी नव्हे. पहिल्या वेळी ज्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं, त्यांच्यासाठी.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या. १८६०-६१ची. लोहाराच्या घरात वाढलेला पिप पैसा मिळताच लंडनचा साहेब होतो. त्याचा मेहुणा, जो नावाचा तो लोहार, त्याला भेटायला येतो, अंगावर ठेवणीतले कपडे. हॅट कुठे ठेवावी कळेना, म्हणून शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो. ती पडते, तो झेपावून पकडतो, परत ठेवतो, ती परत पडते. डिकन्स म्हणतो, अगदी विकेटकीपिंग! शेवटी ती चहाचा चोथा टाकायच्या भांड्यात जाते. कॉलेजच्या वयात हे वाचून पोट धरून हसायला येतं. नंतर कधीतरी लक्षात येतं, की हा जो लोहार मधूनमधून पिपला ‘सर’ म्हणतोय. ज्याला त्याने खांद्यावर बसवून फिरवलं, त्याला! आणि तो जेवायला न थांबता निघतो तेव्हा त्या खोलीतला एकमेव सभ्य माणूस तोच असतो.

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) तर लेखिका स्वतःच आपल्याला हटकते. विद्वान, रुक्ष कॅसॉबनचा महाग्रंथ कधी पुरा होत नाही, आणि तरुण बायको डोरोथिया त्याच्यापायी कोमेजते. आपण अर्थातच तिच्या बाजूचे. एकोणतिसावं प्रकरण तिच्याबद्दल सुरू होतं आणि पहिल्याच वाक्यात लेखिका थबकून विचारते: नेहमी डोरोथियाच का? मग ती त्या म्हाताऱ्याच्या मनात शिरते. आपलंही एखादं काम वर्षानुवर्षं अर्धवट पडलेलं असेल, तर हे प्रकरण चांगलंच झोंबतं.

सगळीच पुस्तकं अशी उजळून निघत नाहीत. ‘जेन एअर’ आजही एका दमात वाचून होते, पण वरच्या मजल्यावर कोंडलेल्या, जमैकाहून आणलेल्या बर्थाची, म्हणजे नायक रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोची बाजू तिच्या तोंडून एकदाही ऐकू येत नाही. ती जीन ऱ्हिसने १९६६मध्ये ‘वाइड सरगॅसो सी’त मांडली. ते वाचल्यावर रॉचेस्टर पूर्वीसारखा आवडणं कठीण.

पुन्हा सुरुवात करायची असेल, तर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ने करा. आठवड्याला एखाद-दोन प्रकरणं, मूळ वाचकांना मिळत होती तशी. आणि दोन्ही शेवट छापलेली आवृत्ती मिळवा. डिकन्सने आधी पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं त्या एस्टेलाची रस्त्यावर ओझरती भेट घडवून त्यांना वेगवेगळ्या वाटांनी धाडलं होतं. कादंबरीकार मित्र बुलवर-लिटनच्या सल्ल्यावरून त्याने तो शेवट बदलला. मला विचाराल, तर पहिलाच बरा होता.